मत्सर आणि ईर्ष्या: एका शब्दातले दोन भाव

मराठीत ‘ईर्ष्या’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. शेजाऱ्याचे बरे झालेले पाहून ज्याच्या पोटात दुखते त्याच्या मनात ईर्ष्या आहे असे आपण म्हणतो, आणि पहिल्या डावात मार खाल्लेला संघ दुसऱ्या डावात ईर्षेने खेळला असे सांगताना तोच शब्द कौतुकाने वापरतो. मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्याला मात्र हा शब्द निर्गमाच्या 20 व्या अध्यायात थेट परमेश्वराच्या तोंडी भेटतो: मी ईर्ष्यावान देव आहे. ज्या दहा आज्ञांचा शेवट शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा आणि गाढवाचा लोभ धरू नकोस या आज्ञेने होतो, त्यांच्याच आरंभी देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, तेव्हा नवा वाचक अडखळतो, आणि त्याचे अडखळणे रास्तच आहे.

हा मराठी भाषांतरकारांचा दोष नव्हे. मूळ हिब्रूतला ‘किनाह’ हा शब्दच दुहेरी आहे. उत्पत्तीच्या 37 व्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याचा हेवा करतात तेथे याच धातूचे क्रियापद आहे. नीतिसूत्रांच्या 14 व्या अध्यायात हाडे कुजवणारा मत्सर म्हणजे किनाह. आणि होरेब पर्वतावर एलीया संदेष्टा परमेश्वरासाठी आपण किती आवेशी होतो हे सांगतो, तेव्हाही धातू तोच. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘झीलॉस’ची गत अशीच आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायाच्या अखेरीस श्रेष्ठ कृपादानांची उत्कट इच्छा बाळगा असे सांगताना जे क्रियापद वापरले आहे, तेच पुढे अवघ्या चार ओळींनी, प्रीती हेवा करीत नाही, या वाक्यात येते. ग्रीकमध्ये निव्वळ मत्सरासाठी ‘फ्थोनॉस’ हा वेगळा शब्द आहे आणि शुभवर्तमानांत तो मोजक्या ठिकाणी, पण नेमक्या जागी येतो: मुख्य याजकांनी येशूला हेव्यामुळे धरून दिले आहे हे रोमी सुभेदार पिलाताने ओळखले होते, असे मत्तय आणि मार्क दोघेही नोंदवतात.

मग फरक करायचा कशावरून? भावनेच्या तीव्रतेवरून तो करता येत नाही, कारण दोन्ही भाव सारखेच पेटलेले असतात. माझ्या वाचनात खरा भेद दोन गोष्टींत आहे: राखायचे काय आहे, आणि ते आपल्याला कोणाकडून मिळाले असे आपण मानतो. पवित्र शास्त्रातली चांगली ईर्ष्या एखाद्या नात्याची किंवा सोपवलेल्या कामाची राखण करते, आणि म्हणूनच देवाची ईर्ष्या सहसा कराराच्या, कधी कधी विवाहाच्या भाषेत बोलली जाते. मत्सर राखतो ते स्वतःचे स्थान. त्यासाठी काम बुडाले तरी त्याला चालते. एरवी ओळखू न येणारे हे दोन भाव एका प्रसंगात हमखास वेगळे होतात: तेच काम दुसऱ्याच्या हातून उत्तम होते, तेव्हा.

असा प्रसंग गणनेच्या 11 व्या अध्यायात अगदी जवळून पाहायला मिळतो. एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही, यापेक्षा मला मारून टाक, असे गाऱ्हाणे इस्राएलाचा नेता मोशे याने देवापुढे घातलेले आहे. त्यावर 70 वडील निवडले जातात, दर्शनमंडपाभोवती, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूभोवती, उभे केले जातात आणि मोशेवरच्या आत्म्यातून त्यांना वाटा मिळतो. पण एलदाद आणि मेदाद हे दोघे मंडपाकडे आलेलेच नसतात. ते छावणीतच राहिलेले असतात आणि तेथेच संदेश देऊ लागतात. एक तरुण धावत येऊन बातमी सांगतो. तरुणपणापासून मोशेच्या सेवेत असलेला यहोशवा लगेच म्हणतो, मोशे, माझ्या स्वामी, त्यांना मना करा. मोशे विचारतो, माझ्यासाठी तू ईर्षेला पेटलास काय? परमेश्वराची सगळीच प्रजा संदेष्टी असती तर किती बरे झाले असते!

यहोशवा दुष्ट नाही आणि त्याला स्वतःसाठी काही नको आहे, म्हणूनच हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या मानासाठी केलेला मत्सर ओळखायला सर्वांत अवघड, कारण तो निष्ठेचे कपडे घालून येतो. मंडळीच्या सभांना बसलेल्या कोणालाही ‘मला माझे काही नाही, पाळकसाहेबांचा मान राहिला पाहिजे म्हणून बोलतो’ ही सुरुवात ओळखीची असेल. त्या वाक्यानंतर काय येते तेही ठाऊक असेल. मोशेच्या उत्तरामागे मात्र समाधान आहे, आणि ते स्वभावाने गरीब असण्यातून आलेले नाही. भार एकट्याने वाहवत नाही हे त्याने मोकळेपणी कबूल केले होते. त्यामुळे तो वाटून घेणारी आणखी दोन माणसे मिळाल्यावर त्याचे काही हिरावले जात नव्हते.

लगेच पुढच्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन विचारतात, परमेश्वर काय फक्त मोशेच्याच द्वारे बोलला? वरवर पाहता हा मोशेच्याच म्हणण्याचा पुनरुच्चार आहे, कारण सगळेच संदेष्टे व्हावेत असे तोच म्हणाला होता. शब्द जवळजवळ तेच, रोख मात्र उलटा. मोशे स्वतःचा बचाव करीत नाही. मिर्यामेला कोड फुटते तेव्हा तो तिच्यासाठी हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची प्रार्थना करतो, आणि ती पुन्हा आत येईपर्यंत सात दिवस सगळी छावणी जागची हलत नाही.

इस्राएलाचा पहिला राजा शौल आणि त्याच्या जागी पुढे राजा झालेला मेंढपाळ दावीद यांची कथा सर्वांना माहीत असते, पण तिच्यातला एक तपशील सहसा निसटतो. शौलाने हजारो मारले, दाविदाने दहा हजार, हे स्त्रियांचे गाणे ऐकल्यावर शौलाच्या मनाचे काय झाले हे सांगताना 1 शमुवेल 18 मध्ये किनाह हा शब्द नाहीच. तेथे डोळ्यांवरून घडवलेले क्रियापद आहे: त्या दिवसापासून दावीद त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. किनाह हा शब्द शौलाच्या संदर्भात येतो तो त्याच्या मृत्यूनंतर, 2 शमुवेल 21 मध्ये, आणि तोही आवेश या अर्थाने. इस्राएल व यहूदा यांच्याविषयीच्या आवेशापोटी त्याने गिबोनकरांचा संहार करू पाहिला होता, असे तेथे म्हटले आहे. गिबोनकर म्हणजे यहोशवाच्या काळापासून लाकडे तोडणारे आणि पाणी भरणारे लोक, ज्यांना अभय देण्याची शपथ इस्राएलाने वाहिली होती. अमालेकी राजा अगाग याला जिवंत ठेवताना लोकांना भ्यालेला, आणि पुढे नोब येथील 85 याजकांना मारण्याची आज्ञा देणारा हा राजा, समोर दुबळे दिसले की आवेशी होतो, हा मला योगायोग वाटत नाही. आतल्या मत्सराला बाहेर मिरवायला राष्ट्राचा अभिमान लागला असावा.

त्याच घरात शौलाचा मुलगा योनाथान होता. राज्य जायचे होते ते खरे तर त्याचे. दाविदाचा हेवा करण्याचे कारण बापापेक्षा मुलाला अधिक होते. दोघांनीही दाविदाला आपली शस्त्रे देऊ केली. शत्रू असलेल्या पलिष्ट्यांच्या गल्याथ या वीराशी दावीद लढण्यापूर्वी शौलाने त्याला आपले चिलखत आणि पितळी टोप चढवला. सवय नाही म्हणून दाविदाने तो काढून ठेवला. योनाथानाने आपला झगा, वस्त्रे, तलवार, धनुष्य आणि कमरबंद दिला, तो लढाई जिंकल्यानंतर. या तलवारीचे मोल कळण्यासाठी मागे 1 शमुवेलाच्या 13 व्या अध्यायात जावे लागते. पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता, फाळ आणि कुऱ्हाडीला धार लावायलाही त्यांच्याकडेच जावे लागे, आणि लढाईच्या दिवशी साऱ्या सैन्यात तलवार किंवा भाला होता तो फक्त शौलाजवळ आणि योनाथानाजवळ. अशा देशातल्या राजपुत्राने मेंढपाळाच्या कमरेला आपली तलवार बांधली.

हे त्याला जमले ते कशाच्या बळावर, याचे उत्तर त्याच्याच एका जुन्या वाक्यात आहे. मिखमाशाच्या खिंडीत एकट्या शस्त्रवाहकाला घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चढताना तो म्हणाला होता की थोडक्यांकडून असो वा पुष्कळांकडून, सोडवणूक करायला परमेश्वराला अडचण नाही. सोडवणारा देव आहे असे ज्याने गृहीत धरले, त्याला ती कोणाच्या हातून व्हावी याचा हट्ट उरत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य, सगळे येशूकडे चालले आहेत, अशी तक्रार घेऊन येतात, तेव्हा योहानही हेच सांगतो: स्वर्गातून दिल्याशिवाय माणसाला काही मिळत नाही.

पौलाच्या बाबतीत हेवा, आवेश आणि समाधान या तिन्हींचे ग्रीक शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या चार अध्यायांच्या एकाच पत्रात सापडतात. पहिल्या अध्यायात, तो तुरुंगात असताना काहीजण हेव्याने, म्हणजे फ्थोनॉसपोटी, ख्रिस्ताची घोषणा करतात. घोषणा होते आहे यातच तो आनंद मानतो. तिसऱ्यात तो आपला जुना झीलॉस सांगतो, ज्याच्या भरात त्याने मंडळीचा छळ केला होता. चौथ्यात येतो ‘औतार्केस’, कशाचीही गरज नसलेला स्वयंपूर्ण माणूस, हा स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द. पौल तो उचलतो, पण दोनच ओळींनंतर हे बळ आपल्याला दुसऱ्याकडून मिळते असे सांगून त्यातली स्वयंपूर्णता काढून घेतो. शिवाय तो म्हणतो की हे मी शिकलो आहे. झीलॉसने पेटलेल्या माणसाला हे शिकावे लागले, जन्मजात मिळाले नाही, ही कबुली मला त्या पत्रात फार मोलाची वाटते.

समाधानाचे फळ या लोकांच्या पदरात पडलेच असे मात्र नाही. जीफच्या रानात योनाथान दाविदाला शेवटचा भेटतो, देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो आणि म्हणतो, तू राजा होशील, मी तुझ्या खालोखाल असेन, आणि हे माझ्या बापालाही ठाऊक आहे. तसे झाले नाही. गिलबोवाच्या डोंगरावर तो त्याच बापाबरोबर पडला. पण त्या दिवशी रानात दोघांनी परमेश्वरासमोर करार केला, दावीद तेथेच राहिला आणि योनाथान आपल्या घरी गेला.