अ‍ॅरे उभा राहण्याआधी कर्नल वाचायचा कुणी?

लिनक्सवरचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच 'अ‍ॅरे' म्हणून वापरण्याची सोय, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एमडी ड्रायव्हर चालवतो. पण मशीन सुरू होताना तो कर्नलच अजून डिस्कवर असतो आणि त्याला उचलून आणण्याची सुरुवात करणाऱ्या बायोसला (मशीन चालू होताच धावणाऱ्या फर्मवेअरला) अ‍ॅरे ठाऊकच नसतो. या पेचाचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरतो: अ‍ॅरेची ओळख सांगणारा सुपरब्लॉक डिस्कवर नेमका कुठे लिहायचा?

रेडची मांडणी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये केली. १९९६ च्या २.० कर्नलमध्ये एमडी आला. तेव्हाच्या रेडटूल्स या साधनसंचात अ‍ॅरेचे वर्णन एका साध्या फाइलमध्ये असे. मुख्य फाइलसिस्टिमच (रूट) अ‍ॅरेवर असेल, तर ती फाइल वाचायला आधी अ‍ॅरे हवा! २००१ च्या २.४ कर्नलने ही गाठ सोडवली. ०.९० आवृत्तीचा सुपरब्लॉक प्रत्येक डिस्कवर असे आणि पार्टिशनचा प्रकार 'एफडी' दिसला की कर्नल स्वतःच अ‍ॅरे जुळवी.

हा सुपरब्लॉक पार्टिशनच्या शेवटी होता, आणि बूटिंगचे सारे गणित त्यावरच बसले. रेड-१ मध्ये प्रत्येक डिस्कवर तोच डेटा असतो, आरशासारखा; त्याचा कोणताही एक भाग सुरुवातीकडून पाहिला तर साधी फाइलसिस्टिम दिसे. जुना ग्रब हा बूटलोडर (कर्नल उचलून आणणारा प्रोग्राम) त्यातूनच कर्नल वाचून घेई. रेड-५ मध्ये डेटा डिस्कांवर विखुरलेला, तिथे हे शक्य नव्हते. म्हणून छोटे बूट पार्टिशन रेड-१ वर ठेवायची पद्धत पडली. मात्र बूटलोडर प्रत्येक डिस्कवर वेगळा बसवावा लागे. तो एकाच डिस्कवर असला आणि नेमकी तीच गेली, तर डेटा शाबूत, पण मशीन उठत नाही. आरशाचा अर्धा उपयोगच तिथे वाया जातो.

शेवटच्या जागेचे तोटेही होते. सुपरब्लॉक अख्ख्या डिस्कचा की शेवटच्या पार्टिशनचा, हे कळेना. एका अ‍ॅरेत २८ डिस्कांची मर्यादा होती. दुसऱ्या मशीनची डिस्क जोडली तर कर्नल न विचारता तिच्यावरचा अ‍ॅरेही उभा करी. अ‍ॅरे बनवण्या-सांभाळण्याचे एमडीएडीएम हे साधन लिहिणाऱ्या नील ब्राउन यांनी सुपरब्लॉकची १.x मालिका आणली आणि २०१० मध्ये १.२ हे डिफॉल्ट (वेगळे न सांगितल्यास वापरले जाणारे) स्वरूप ठरले. त्यात सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. कर्नलची स्वयंओळख या मालिकेला दिलीच नाही; अ‍ॅरे जुळवायचे काम इनिटरॅमएफएसमधल्या (कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममधल्या) एमडीएडीएमकडे गेले. हा निर्णय मला योग्यच वाटतो: कोणता अ‍ॅरे आपला, हे ठरवायला धोरण लागते आणि ते कर्नलबाहेरच शोभते. जुन्या ग्रबची युक्ती यामुळे संपली, पण ग्रब २ स्वतःच एमडीची रचना वाचू लागला, अगदी रेड-५ आणि ६ सुद्धा.

बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या नव्या फर्मवेअरने मात्र जुना पेच परत आणला. फर्मवेअरला फक्त फॅट ही साधी फाइलसिस्टिम कळते. म्हणून बूटलोडर ठेवायचे ईएफआय पार्टिशन रेड-१ वर, शेवटी सुपरब्लॉक असलेल्या १.० स्वरूपात ठेवण्याची वाट अनेकांनी धरली. पण फर्मवेअरने एका डिस्कवर काही लिहिले, तर दोन प्रती वेगळ्या होतात आणि एमडीला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवून दोन्हींवर ग्रब बसवणे आणि दोन्हींची नोंद फर्मवेअरच्या बूट यादीत करणे जास्त भरवशाचे. उबुंटूचे ग्रब पॅकेज २०.०४ पासून अशी अनेक पार्टिशने सांभाळते.