कवटी फुगत नाही, तिथेच सगळा घोटाळा होतो

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत साबरकांठा, अरवलीकडे मेंदूला सूज आणणाऱ्या चांदिपुरा व्हायरसने लेकरं दगावली, आणि आपला नंदुरबार जिल्हा गुजरातला खेटून असल्याने बातमी वाचून धडकीच भरते. पण बरेच जण याला डासांचा आजार समजतात. तो मुख्यतः पसरवते सँडफ्लाय, डासापेक्षा कितीतरी लहान माशी, ती साचलेल्या पाण्यात नाही तर मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर मातीत अंडी घालते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. व्हायरस सापडला १९६५ ला आपल्याच नागपूरकडच्या चांदिपुरा गावात, म्हणून हे नाव. २००३ ला आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली.

आता मेंदूत काय होतं ते बघा. व्हायरस मेंदूच्या पेशीत शिरला की तिथल्या रक्षक पेशी जाग्या होतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडून पाणी बाहेर झिरपतं आणि मेंदू सुजतो. पाय मुरगळला तर सूज बाहेर येते, कवटी मात्र हाडाची, ती ताणत नाही. (तान्ह्या बाळाची टाळू भरलेली, फुगलेली दिसते ती याच दाबाने.) मेंदूला रक्त किती जोराने मिळणार हे ठरतं सरासरी ब्लडप्रेशर वजा कवटीतला दाब यावर, म्हणजे समजा ७० मधून १० गेले तर ६० उरले, पण सूज येऊन आतला दाब ४० झाला की उरले फक्त ३०, मग पेशींना ऑक्सिजन कमी, त्या पेशी अजून फुगणार, दाब अजून वाढणार, आणि शेवटी मेंदू खाली कवटीच्या भोकाकडे ढकलला जातो जिथे श्वास चालवणारा भाग असतो. चांदिपुऱ्यात हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं, सकाळी ताप, रात्री बेशुद्ध.

म्हणूनच झटके आलेल्या पोराला बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेणं, कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या तासाभरात आतला दाब वाढतच असतो. यावर लस नाही, व्हायरस मारणारं खास औषधही नाही, पण दवाखान्यात झटके थांबवता येतात, मॅनिटॉल देऊन सूज उतरवता येते, श्वासाला मशीन लावता येतं. तापात झटका, उलट्या किंवा गुंगी दिसली तर पोराला कुशीवर झोपवा, तोंडात पाणी, चमचा काही घालू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.