कॉलेज वर्ल्ड सिरीज

अमेरिकेतील विद्यापीठ संघांची राष्ट्रीय बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धा. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही संस्था ती दरवर्षी जून महिन्यात नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात भरवते. कोविडमुळे 2020 साली ती झाली नाही. पहिल्या श्रेणीतील सुमारे तीनशे विद्यापीठांचे संघ फेब्रुवारीच्या मध्यापासून आपापल्या गटांत (कॉन्फरन्स) खेळू लागतात आणि त्यांतले फक्त आठ ओमाहाला पोहोचतात. त्यामुळे खेळाडूंच्या तोंडी ‘ओमाहा’ हेच स्पर्धेचे नाव झाले आहे.

पहिली स्पर्धा 1947 साली मिशिगनमधील कॅलामझू येथे झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवून ती जिंकली. येलचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) होता जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. पुढच्या वर्षी बुश कर्णधार होता. येल पुन्हा अंतिम फेरीत गेले आणि या वेळी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून (यूएससी) हरले. 1949 ची स्पर्धा कॅन्ससमधील विचिटा येथे झाली. 1950 पासून मात्र मुक्काम ओमाहातच आहे. 2010 पर्यंत सामने रोझेनब्लाट स्टेडियमवर होत. स्पर्धा शहरात रुजवण्यासाठी झटलेले महापौर जॉनी रोझेनब्लाट यांचे नाव या मैदानाला दिले होते. 2011 पासून सामने शहराच्या मध्यवस्तीतील नव्या स्टेडियमवर होतात. आज त्याचे नाव चार्ल्स श्वाब फील्ड असून तेथे सुमारे 24,000 प्रेक्षक बसतात. ओमाहाच्या प्रेक्षकांचे विशेष कौतुक करायला हवे. राज्याचा स्वतःचा नेब्रास्का संघ येथे पहिल्यांदा पोहोचला तो थेट 2001 साली. तोवर अर्धे शतक या शहराने मुख्यतः परक्या गावांच्या संघांसाठी मैदान भरले.

1999 पासून मुख्य स्पर्धेत 64 संघ असतात. आपल्या कॉन्फरन्सचे विजेते थेट येतात, उरलेल्यांची निवड समिती करते. आधी चार-चार संघांच्या 16 प्रादेशिक फेऱ्या होतात. त्यांचे विजेते दोन-दोनच्या जोड्यांनी तीनपैकी दोन सामन्यांची मालिका खेळतात आणि आठ संघ उरतात. ओमाहात त्यांचे चार-चारचे दोन गट पडतात. एका पराभवाने कोणी बाद होत नाही, दुसऱ्याने होतो. गटविजेत्यांमध्ये 2003 पासून तीन सामन्यांची अंतिम मालिका होते. त्याआधी 1988 ते 2002 या काळात एकाच सामन्यात निकाल लागे.

हरलेल्याला मिळणारी ही दुसरी संधी फुकट नसते, आणि या स्पर्धेचे मर्म तिथेच आहे. एकही सामना न हरणारा संघ गटातले तीन सामने जिंकून अंतिम फेरीत जातो. पहिलाच सामना हरलेल्याला पुढचे चारही जिंकावे लागतात. शंभरेक चेंडू टाकलेल्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) हाताला पुढे कित्येक दिवस विश्रांती लागते. एरवी शुक्रवार ते रविवारच्या मालिकांमध्ये मुख्य पिचर आठवड्यातून एकदाच उतरतो. ओमाहात हरलेल्या संघाला मात्र आज कोणाला उतरवायचे आणि परवासाठी कोणाला राखायचे, हे रोज ठरवावे लागते. नुसत्या एका तेजस्वी पिचरवर येथे भागत नाही.

1973 मध्ये मिनेसोटाच्या डेव्ह विनफिल्डने यूएससीला सामन्यातल्या नऊपैकी आठ इनिंग (डाव) जखडून ठेवले होते. धावफलक होता 7–0. नवव्या इनिंगमध्ये तो थकला, त्याला पिचिंगवरून काढावे लागले आणि यूएससीने आठ धावा काढून सामना 8–7 असा खेचला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तरीही विनफिल्डच ठरला. उलट 2018 मध्ये ओरेगन स्टेट पहिलाच सामना हरले, चार सामने जिंकून अंतिम मालिकेत आले आणि तिथेही आर्कान्सासविरुद्ध पहिला सामना गमावून बसले. दुसऱ्या सामन्यात ते पराभवापासून एका चेंडूवर असताना उंच उडालेला फाऊल (रेषेबाहेरचा) चेंडू झेलला न जाता आर्कान्सासच्या तीन खेळाडूंच्या मध्ये पडला. त्या जीवदानानंतर बरोबरी झाली आणि लगेच ट्रेव्हर लार्नाकने होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) मारून सामना फिरवला. निर्णायक सामन्यात पहिल्या वर्षाच्या केव्हिन एबलने 129 चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. एकाच स्पर्धेत चार सामने जिंकणारा तो पहिला पिचर. संघाचा तो आठवा सामना होता. या स्पर्धेच्या इतिहासात याहून मोठी झुंज मला तरी दिसत नाही.

बॅटचा इतिहासही येथे महत्त्वाचा आहे. व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटने खेळले जाते, पण कॉलेजांत 1974 पासून अ‍ॅल्युमिनियमची बॅट चालते. तिच्यावरून चेंडू इतक्या वेगाने सुटू लागला की 1998 चा अंतिम सामना यूएससीने अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्ध 21–14 असा जिंकला. 2011 मध्ये बॅटची ताकद नियमाने कमी केली गेली आणि त्याच वर्षी सामने प्रशस्त नव्या मैदानावर गेले. परिणामी 2013 च्या संपूर्ण स्पर्धेत फक्त तीन होमरन झाले. मग 2015 पासून कमी उंच शिवणीचा, दूर जाणारा चेंडू आणावा लागला.

सर्वाधिक 12 विजेतेपदे यूएससीकडे आहेत. त्यांतली 1970 ते 1974 ही सलग पाच प्रशिक्षक रॉड डेडो यांच्या कारकिर्दीतली. लुइझियाना स्टेटने (एलएसयू) 2025 मध्ये आठवे विजेतेपद मिळवले. त्यांचे 1996 चे विजेतेपद आजही सांगितले जाते. मायामीविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये दोन गडी बाद, एका धावेची पिछाडी, आणि वॉरन मॉरिसने हंगामातला आपला एकमेव होमरन मारून सामना 9–8 असा जिंकून दिला.

2019 ते 2025 या काळातले सगळे विजेते आग्नेय अमेरिकेतील साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे होते. पैसा आणि मोठी स्टेडियमे ही कारणे आहेतच, पण हवामानही आहे: फेब्रुवारीत उत्तरेकडची मैदाने बर्फाखाली असतात आणि तिथल्या संघांचे सुरुवातीचे आठवडे परगावी जातात. उत्तरेच्या ओहायो स्टेटने 1966 मध्ये विजेतेपद मिळवले, त्यानंतर त्या भागातील मिशिगन 2019 मध्ये सर्वांत जवळ आले. त्यांनी अंतिम मालिकेतला पहिला सामना जिंकला, पण पुढचे दोन्ही सामने आणि विजेतेपद व्हँडरबिल्टने नेले.