न्यायवैद्यक मानसोपचाराचे ऑनलाइन प्रशिक्षण

मानसोपचारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका करणाऱ्या निवासी डॉक्टरांना न्यायालयाशी संबंधित काम इंटरनेटवरून शिकवण्याची पद्धत. आरोपीची मानसिक तपासणी, न्यायालयाला द्यायचा अहवाल, तज्ज्ञ म्हणून साक्ष, कैद्यांवरील उपचार, मृत्युपत्र किंवा घटस्फोटाच्या दाव्यात मानसिक क्षमतेबद्दलचे मत हे सगळे यात येते. वॉर्डात या विषयाला नुसते ‘फॉरेन्सिक’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ही वेगळी विशेषज्ञता आहे. तिथे मूळ प्रशिक्षणाची तीन वर्षे संपल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयासाठी देता येतात आणि ब्रॉडमूर, रॅम्प्टन, ॲशवर्थ यांसारखी अतिसुरक्षित रुग्णालये शिकण्याची जागा असतात. भारतात एम.डी.च्या तीन वर्षांत फॉरेन्सिक बहुधा एका छोट्या पोस्टिंगमध्ये उरकते, आणि ज्या महाविद्यालयात कैदी वॉर्डच नाही तिथे ते पुस्तकातच राहते. ऑनलाइन प्रशिक्षणाला भारतात जो अर्थ आहे तो या तुटवड्यामुळे.

कायदा मात्र पोस्टिंग लहान होती की मोठी हे विचारत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३६७ नुसार, आरोपी मनोविकल असल्याचे दंडाधिकाऱ्याला वाटले तर आधी जिल्हा शल्यचिकित्सक त्याला तपासतो. त्यालाही तसेच आढळले तर आरोपी सरकारी रुग्णालयातील किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जातो. त्यांच्या निष्कर्षावर अपील झाले तर ते ज्या वैद्यकीय मंडळापुढे चालते, त्यात जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागप्रमुख आणि जवळच्या सरकारी महाविद्यालयातील या विषयाचा एक अध्यापक असतो. म्हणजे आज परीक्षेपुरते ‘वेडेपणाचा बचाव’ पाठ करणारा निवासी डॉक्टर दोन-तीन वर्षांत, सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या झाल्या, अशा मंडळावर बसू शकतो. ‘मला फॉरेन्सिक करायचे नाही’ हे वाक्य त्यामुळे सरकारी नोकरीत फारसे चालत नाही.

शिकवण्याचे मुख्य केंद्र बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. तिथल्या न्यायवैद्यक सेवेने सुरेश बडा मठ व सहकाऱ्यांच्या हातून २०११ मध्ये अशा रुग्णांच्या सविस्तर तपासणीचा एक नमुना तयार केला. कोणत्या कागदपत्रांची मागणी करायची, नातेवाइकांना काय विचारायचे, वॉर्डातील निरीक्षण कसे नोंदवायचे याचा तो आराखडा आहे. २०१८ मध्ये संस्थेची डिजिटल अकादमी सुरू झाली. तिचा भर सरकारी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका अशा सर्वांना मानसिक आरोग्याचे दूरस्थ प्रशिक्षण देण्यावर आहे. शिकवण्याची रीत ‘एको’ या नमुन्यावरून आली. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस-सी च्या उपचारांसाठी २००३ मध्ये तो सुरू केला. मध्ये एक तज्ज्ञ केंद्र असते, त्याला जोडलेले दूरचे डॉक्टर असतात, थोडे व्याख्यान होते आणि उरलेला वेळ त्या डॉक्टरांनी आणलेल्या रुग्णांवर चर्चा चालते. फॉरेन्सिकला ही रीत विशेष मानवते, कारण एका महाविद्यालयात वर्षभरात न्यायालयाने पाठवलेले मोजकेच आरोपी येतात. दहा महाविद्यालये पडद्यावर एकत्र आली की प्रत्येकाला इतर नऊ ठिकाणची प्रकरणेही ऐकायला मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष वर्ग बंद पडल्यावर अशा चर्चा सगळीकडेच पडद्यावर आल्या, आणि टाळेबंदी उठल्यावरही बऱ्याच विभागांनी त्या सोडल्या नाहीत.

अभ्यासाचा पहिला धडा दोन काळ वेगळे ठेवण्याचा. आरोपी आज खटला समजू शकतो का, वकिलाला माहिती देऊ शकतो का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर समोर बसलेल्या माणसाकडे पाहून देता येते. कृत्य करताना त्याची मनःस्थिती काय होती हा दुसरा, आणि तो मागे वळून सोडवावा लागतो. दुसऱ्याची कसोटी, म्हणजे मनोविकलतेमुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे हे आरोपीला कळत नव्हते का, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. हे जुन्या दंड संहितेचे कलम ८४, आणि त्याच्या मागे इंग्लंडमधले १८४३ चे मॅकनॉटन नियम. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांवर जुनीच दंड संहिता चालते. म्हणून विद्यार्थ्याला दोन्ही क्रमांक तोंडपाठ लागतात. इंटरनेटवरच्या जुन्या व्याख्यानांत दंड संहितेचे ८४, फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३२८, पुरावा कायद्याचे ४५ एवढेच आकडे ऐकू येतात. शिकवणाऱ्याने ती बदलून घेतली नसतील तर अहवालात चुकीचे कलम जाते, आणि बचाव पक्षाचा असो की सरकारी, वकील सुरुवात तिथूनच करतो.

सर्वांत उपयोगी पडतो तो अहवाललेखनाचा सराव. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर प्रकरणात सांगितले की कृत्याच्या वेळची मनःस्थिती ही कृत्याच्या आधीच्या, त्या वेळच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरून ठरवायची. हेच तीन रकाने पडद्यावर मांडून काल्पनिक प्रकरण दिले जाते. समजा, भावावर कोयत्याने वार केल्याचा आरोप असलेला एक माणूस. फिर्यादीत आहे की तो प्रेताजवळच बसून होता. शेजारणीच्या जबाबात आहे की आठवडाभर तो रात्री अंगणात फेऱ्या मारत कुणाशी तरी भांडत होता. जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर तीन महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्याची नोंद आहे. पंचनाम्यात आहे की कोयता गोठ्यातल्या गवताखाली मिळाला. विद्यार्थ्याने प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात टाकायची. पहिल्या तीन गोष्टी आजाराकडे बोट दाखवतात. चौथीवर बहुतेक जण अडखळतात: हत्यार लपवणारा माणूस आपण काय केले हे जाणत होता का? की भीतीचा भ्रम असलेला माणूसही ते लपवू शकतो? इथे गुण उत्तराला नसतात. दोन्ही शक्यता अहवालात मांडल्या का, एवढेच पाहिले जाते. मग निष्कर्षाचे वाक्य. ‘आरोपीला स्किझोफ्रेनिया असल्याने तो कृत्यास जबाबदार नाही,’ असे लिहिले तर शिक्षक वाक्याचा उत्तरार्ध लाल करतो. आजार सांगणे डॉक्टरचे काम, जबाबदारी ठरवणे न्यायाधीशाचे. हा फरक व्याख्यानात सर्वांना पटतो आणि लिहिताना निम्मे जण तो विसरतात. तो अंगवळणी पडायला चार-पाच अहवाल लाल होऊन परत यावे लागतात. त्यासाठी एका खोलीत बसण्याची गरज नाही. उलट, लेखी शेरे ऑनलाइन जपून ठेवता येतात आणि पुढच्या अहवालाशेजारी ठेवून वाचता येतात.

दुसरा सराव अभिरूप न्यायालयाचा. एखादा वकील किंवा वरिष्ठ सहकारी उलटतपासणी घेतो.

‘डॉक्टर, घटनेच्या दिवशी तुम्ही आरोपीला तपासले होते?’

‘नाही.’

‘म्हणजे तुमचे मत ऐकीव माहितीवर आहे?’

इथे ‘हो’ म्हणणारा फसतो आणि चिडणारा त्याहून जास्त फसतो. मत कोणत्या कागदावर, कोणाच्या जबाबावर आणि वॉर्डातील किती दिवसांच्या निरीक्षणावर उभे आहे हे शांतपणे मोजून सांगायचे असते. सराव रेकॉर्ड होत असल्याने आपण केव्हा अडखळलो, केव्हा नको तितके बोललो हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. खऱ्या साक्षीतही आता पडदा येऊ लागला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बोलण्याची ही तालीम पूर्वीइतकी नकली राहिलेली नाही.

निकालपत्रे वाचणे हा अभ्यासाचा भाग पूर्वी विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर अवलंबून असे. २०२३ च्या सुरुवातीपासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर विनाशुल्क मिळतात. महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी एक निकाल मुळातूनच वाचावा असा आहे: ‘आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, २०१९. शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजार फाशीची शिक्षा कमी करण्यास कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने त्यात म्हटले आणि फाशी रद्द करून जन्मठेप दिली. आरोपीचे नावही निकालात घातले नाही.

महाराष्ट्रात एक अडचण अशी की तिच्यावर कोणताही राष्ट्रीय पातळीवरचा पाठ्यक्रम उत्तर देत नाही. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी. फिर्याद, जबाब, पंचनामा मराठीत, तोही ठाणे अंमलदाराच्या हस्ताक्षरात. सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे केरळ किंवा राजस्थानातून आलेला निवासी डॉक्टर ‘सदर इसम’ आणि ‘मौजे’ यांपाशीच थांबतो. वॉर्डातील मराठी सहकारी त्याला तो कागद वाचून दाखवतो आणि वाचताना नकळत गाळतो किंवा सोपे करतो. शेजारणीने ‘बडबडत होता’ म्हटले होते की ‘भांडत होता’, यावर अहवालातली एक ओळ बदलते. तयार मॉड्यूल इंग्रजीत असतात. मराठी पोलिस कागदपत्रे वाचायला शिकवणारा छोटा ऑनलाइन वर्ग पुणे-नागपूरच्या विभागांनी मिळून केला तर तो बाहेरून आणलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त कामाला येईल, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

गोपनीयता इथे नेहमीच्या केस कॉन्फरन्सपेक्षा नाजूक असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची आणि विधिसंघर्षग्रस्त बालकाची (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाची) ओळख उघड करण्यास वेगळ्या कायद्यांनी बंदी आहे. नाव पुसून काम भागत नाही. वर्तमानपत्रात गाजलेल्या प्रकरणात तालुका आणि हत्यार एवढे सांगितले तरी श्रोत्यांना माणूस ओळखू येतो. म्हणून चर्चेला शक्यतो निकाली निघालेली प्रकरणे घ्यावीत, गाव, वय, नाते बदलावे, आणि रेकॉर्डिंग फक्त काल्पनिक प्रकरणांचेच ठेवावे. मोबाइलवरून पडद्याचा फोटो काढणारा सहभागी कोणत्याही पासवर्डने थांबत नाही, हे धरूनच नियम करावे लागतात.

काही गोष्टी पडद्यावर येतच नाहीत. येरवड्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह एकाच परिसरात आहेत. ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथेही सरकारी मनोरुग्णालये आहेत, आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. तिथे कैदी पार्टीचा, म्हणजे कैद्याला घेऊन आलेल्या पोलिस पथकाचा, हवालदार खोलीच्या दारात उभा असताना मुलाखत कशी घ्यायची, हातकडीबद्दल काय म्हणायचे, आणि ‘तुम्ही मला सांगाल ते मी न्यायालयाला सांगू शकतो’ हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच कोणत्या सुरात बजावायचे, ते वरिष्ठाशेजारी बसूनच शिकतात. सोंग ओळखणेही तसेच. मुलाखतीत आवाज ऐकू येतात म्हणणारा माणूस रात्री दोन वाजता, कोणी पाहत नसताना, कसा वागतो हे परिचारिकेच्या नोंदवहीत सापडते. त्या नोंदवहीसाठी रात्रपाळी करावी लागते.

या प्रशिक्षणाचा विस्तार निवासी डॉक्टरांपुरता नाही. २०१७ च्याच कायद्याच्या कलम ३१ ने कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देणे सरकारवर बंधनकारक केले आहे, आणि कलम १०३ ने प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारायला सांगितले आहे. कारागृहातला एकटा डॉक्टर आठवडाभर बंगळुरूला पाठवणे प्रशासनाला परवडत नाही. त्याच्यासाठी आठवड्याला एक तास पडद्यावरची चर्चा हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. न्यायालयीन हजेरीसाठी बसवलेली व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सोय बऱ्याच कारागृहांत आधीच आहे.