बर्गरचा रस ‘लॉक’ होत नाही

बर्गरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, हे वाक्य कानावर पडतंच: ‘तवा कडकडीत तापवा, मग पॅटी टाका, म्हणजे वरचा थर बंद होतो आणि रस आत लॉक होतो.’ वाक्य इतकं शास्त्रीय वाटतं की कुणी शंका घेत नाही. कल्पना तशी जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी ती १८४७ च्या सुमारास मांडली, आणि एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात मुरली. १९३० च्या दशकात मांसाचं भाजण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं गेलं, तेव्हा सुरुवातीला कडक आच दिलेल्या मांसाने पाणी कमी गमावल्याचं दिसलं नाही. खरं तर वजनकाट्याचीही गरज नव्हती. पॅटी टाकल्यावर जो चर्र आवाज येतो, तो पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असल्याचाच. रस खरोखर कोंडला गेला असता, तर तवा गप्प बसला असता.

मग कडक आच कशाला? चवीसाठी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि शर्करा एकत्र तापवल्या, तेव्हा मिश्रण तपकिरी होत गेलं. खरपूस पॅटी, पावाची तांबूस पाठ, भाजलेली कॉफी या सगळ्यांचा रंग आणि वास मुख्यतः याच अभिक्रियेतून येतो. गंमत म्हणजे खुद्द माइयार यांना स्वयंपाकात रस नव्हता. पेशींमध्ये प्रथिनं कशी तयार होतात हे त्यांना शोधायचं होतं.

या अभिक्रियेच्या वाटेतली मोठी धोंड म्हणजे पाणी. खिम्यात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. जोवर पृष्ठभाग ओला आहे, तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खालून कितीही जाळ लावा, सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० पर्यंत तापवायला साधारण ३३५ ज्यूल लागतात, पण त्याच एका ग्रॅमची वाफ करायला २२५७ ज्यूल, म्हणजे पावणेसात पट. माइयार अभिक्रिया मंद गतीने कमी तापमानालाही चालते, मात्र काही मिनिटांत खरपूस थर हवा असेल तर पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. त्यासाठी आधी तो कोरडा व्हायला हवा. म्हणून पॅटी तव्यावर टाकण्यापूर्वी कागदाने टिपून घेणं ही मसाल्यांच्या यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे. तवा बिडाचा आणि जाड असावा तोही याचसाठी: थंड, ओली पॅटी पडल्यावर त्यात साठलेली उष्णता एकदम संपत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. कोरड्या झालेल्या त्या थरात शर्करेचा कार्बोनिल गट (कार्बन आणि ऑक्सिजनची जोडी) अमिनो आम्लाच्या नायट्रोजनला जाऊन चिकटतो. एक पाण्याचा रेणू बाहेर पडतो, उरलेला सांगाडा अंतर्गत फेररचना करून अमाडोरी संयुग बनतो. इथपर्यंत ना रंग, ना वास. पुढे हे संयुग तुटतं आणि डायकार्बोनिल नावाचे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात. हे तुकडे दुसऱ्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात, त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आल्डिहाइडं उरतात. या पायरीला स्ट्रेकर विघटन म्हणतात. उरलेले नायट्रोजनयुक्त तुकडे जोडीने जुळून पायराझिनं बनतात, तीच भाजल्याचा वास देतात. शेवटी मोठमोठे तपकिरी रेणू, मेलॅनॉइडिनं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये या जंजाळाचा जो नकाशा काढला, तो आजही पाठ्यपुस्तकांत आहे. मांसाचा ‘मांसल’ वास मात्र गंधकाशिवाय येत नाही. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असतं, आणि रायबोज ही शर्करा स्नायूंत शिल्लक राहिलेल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाच्या विघटनातून मिळते. दोघं उष्णतेत भेटले की २-मिथाइल-३-फ्युरॅनथायॉल तयार होतं. नाव उच्चारताना जीभ अडखळेल, पण नाकाला त्याचा लवलेशही पुरतो.

हे एकदा ध्यानात आलं की बर्गरचे प्रकार वेगळ्या नजरेने दिसतात. स्मॅश बर्गरमध्ये खिम्याचा गोळा तव्यावर दाबून पातळ करतात. जितका जास्त पृष्ठभाग तव्याला टेकेल तितका जास्त खरपूस थर. दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, चरबी घट्ट असताना. नंतर दाबलं की वितळलेली चरबी आणि पाणी दोन्ही बाहेर येतात. जाड पॅटीचं गणित उलटं: खरपूस थर तुलनेने कमी, आत मऊपणा जास्त. निखाऱ्यावर आणखी तिसरीच गंमत. तिथे उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात येते आणि चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर होतो, तो परत पॅटीवर बसतो. ‘ग्रिलची चव’ म्हणतात ती बऱ्याच अंशी या जळलेल्या चरबीची. याच धुरात कर्करोगाचा धोका वाढवणारी पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनंही असतात, त्यामुळे ज्वाळा पॅटीला चाटत असतील तर तिला बाजूला सरकवणं शहाणपणाचं.

‘एकदाच उलटा’ हा नियमही असाच ऐकीव. विस्कॉन्सिन विद्यापीठातले गणितज्ञ जाँ-ल्यूक तिफो यांनी २०२२ मध्ये उष्णतावहनाचं एक साधं प्रारूप सोडवलं. हव्या तितक्या वेळा उलटायची मुभा दिली, तर एकदाच उलटण्याच्या तुलनेत शिजण्याचा वेळ २९ टक्क्यांपर्यंत घटतो, असं त्यातून निघालं. कारण वर आलेली तापलेली बाजू गार होता होता उष्णता आतही पाठवत राहते.

मीठ खिम्यात मळू नका. मिठाने स्नायूंतलं मायोसिन हे प्रथिन विरघळतं, ते चिकट होऊन तंतू एकमेकांना घट्ट बांधतं आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. वरून, तव्यावर टाकायच्या आधी भुरभुरवा.

महागड्या बर्गरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. न्यूयॉर्कमध्ये शेफ दानियेल बुलू यांनी २००१ मध्ये पॅटीच्या पोटात मंद आचेवर शिजवलेल्या बरगडीचं मांस, फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं पुष्ट यकृत) आणि ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी, सुवासिक बुरशी) भरले, तिथे निदान चवीचा विचार होता. पण सोन्याचा वर्ख? सोनं निष्क्रिय धातू. ना ते बाष्प होऊन नाकाशी जातं, ना जिभेवर विरघळतं. चवीत त्याची भर शून्य. बहुतेक ट्रफल तेलांतला वास एका कृत्रिम गंधकी संयुगाचा असतो. आणि वाग्यू या जपानी गोमांसाची कीर्ती आहे ती तंतूंमध्ये विणलेल्या चरबीच्या जाळीची. ते खिमायंत्रात घातलं की ती जाळीच उद्ध्वस्त होते. चरबीचा दर्जा उरतो, पण चरबी साध्या खिम्यातही मिसळता येते.

एका बाबतीत मात्र स्टेकचे नियम बर्गरला लावू नयेत. अखंड तुकड्यावरचे जीवाणू बाहेरच्या बाजूला असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळले जातात. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जीवाणू पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. पॅटीच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस व्हायला हवं. रंगावर विसंबू नका. मांसाचा लाल रंग रक्ताचा नसून स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, आणि हवा लागून ते आधीच तपकिरी झालं असेल तर पॅटी ७१ च्या बरीच आधी शिजलेली दिसते. उलट कधी पूर्ण शिजूनही गुलाबीच राहते. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या.

याच मायोग्लोबिनमध्ये लोह धरून ठेवणारा हीम नावाचा घटक असतो. तो सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतल्या लेगहीमोग्लोबिनमध्येही सापडतो. आता यीस्टकडून ते प्रथिन बनवून घेतात आणि शाकाहारी पॅटीत घालतात. तापल्यावर हीम वर सांगितलेल्या गंधकी अभिक्रियांना चालना देतं, म्हणून त्या पॅटीला मांसासारखा वास येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाची अडचण वेगळी निघाली. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांचा अडीच लाख युरोंचा बर्गर ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर लोणी आणि सूर्यफूल तेलात परतला गेला. रंगासाठी त्यात बिटाचा रस आणि केशर घातलं होतं. पेशी सगळ्या स्नायूंच्या, चरबीच्या एकही नाही. चव घेणाऱ्यांनी पोत मांसासारखा असल्याचं मान्य केलं आणि चरबी नसल्याची तक्रार केली.