शेवटच्या पाळीची तारीख: रजोनिवृत्तीचे टप्पे ठरवण्याची पार्श्वभूमी

सलग १२ महिने पाळी आली नाही, की त्याआधीची पाळी शेवटची होती असे मानायचे. म्हणजे ती येऊन गेली तेव्हा ती शेवटची आहे हे बाईलाही कळत नाही आणि तिच्या डॉक्टरलाही नाही. वर्ष उलटल्यावरच निकाल लागतो. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली (गोमेकॉ) ओपीडी असो की डिचोली-सत्तरीतले आरोग्य केंद्र, पंचेचाळिशीतल्या बाईचा प्रश्न साधाच असतो: हे आता संपत आले, की नुसती सुरुवात आहे? त्याचे उत्तर देण्याची सर्वमान्य पद्धत जेमतेम पाव शतकाची आहे.

त्याआधी उत्तर होते ते वयाचे. सुश्रुतसंहितेत बाराव्या वर्षी रज सुरू होऊन पन्नाशीला क्षय पावते असे सांगितले आहे, आणि लोकांचा हिशेब आजही थोडाफार तसाच चालतो. पण वय हा ढोबळ आधार आहे. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत भारतीय स्त्रियांचे रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ च्या आसपास निघाले, तर पाश्चात्त्य देशांत ते साधारण ५१ धरतात. त्यामुळे तिकडच्या पुस्तकावरून ४४ वर्षांच्या बाईला ‘अजून वेळ आहे’ असे सांगणे चुकीचे ठरू शकते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टरांनी त्रासाला गुण द्यायला सुरुवात केली. १९५३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कुपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा तक्रारींचा निर्देशांक बनवला. त्यात वाफांना चौपट वजन होते आणि योनीच्या कोरडेपणाला जागाच नव्हती. गुण द्यायचे डॉक्टरने. शिवाय अशा मोजपट्टीने त्रास किती हे कळते, टप्पा कोणता हे कळत नाही. एकीला पाळी नियमित असतानाच घाम फुटतो, तर दुसरी काहीही न जाणवता पलीकडे पोचते.

मग रक्ततपासणीचा काळ आला. बीजकोशातली बीजे कमी होऊ लागली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जोराने सोडू लागते. उतारवयातल्या स्त्रियांच्या लघवीत अशी संप्रेरके भरपूर असतात हे १९३० च्या आसपास कळले होते. त्यावरून पुढे एक विलक्षण प्रकार घडला: इटलीतल्या वृद्ध जोगिणींची, म्हणजे कॉन्व्हेंटमधल्या मादरींची, लघवी गोळा करून त्यातून वंध्यत्वावरचे औषध काढले गेले आणि १९६२ मध्ये इस्रायलमध्ये त्या औषधाने पहिले मूल जन्मले. रक्तातली सूक्ष्म मात्रा मोजण्याची रेडिओइम्युनोअॅसे पद्धत १९६० च्या सुमारास आल्यावर एफएसएचची चाचणी हळूहळू सर्वत्र पोचली, आणि एका आकड्यावर सगळे ठरेल असे वाटू लागले. तसे झाले नाही. पाळी जाण्याआधीच्या संक्रमणाच्या काळात एफएसएच या महिन्यात चढलेले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा उतरलेले असते. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने स्पष्टच सांगितले, की ४५ च्या वरच्या स्त्रीत लक्षणे आणि पाळीचा इतिहास पुरेसा असताना निदानासाठी ही चाचणी करू नये. आपल्याकडे मात्र ती अजूनही सर्रास लिहून दिली जाते.

खरे काम झाले होते ते रक्ताच्या नळीबाहेर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅलन ट्रेलोर या संख्याशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये विद्यार्थिनींना कार्डे वाटली आणि पाळीच्या तारखा मांडून ठेवायला सांगितले. वर्षानुवर्षे, कित्येकींनी अगदी पाळी जाईपर्यंत, त्या तारखा कळवल्या. १९६७ मध्ये अडीच हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि त्यांतून दिसले, की दोन पाळ्यांमधले अंतर सर्वांत जास्त हलते ते सुरुवातीच्या काही वर्षांत आणि शेवटच्या काही वर्षांत. मधला काळ त्या मानाने स्थिर. या एका निरीक्षणावर पुढची सगळी इमारत उभी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० आणि १९९४ च्या तज्ज्ञ बैठकांनी व्याख्या पक्क्या केल्या, पण टप्पे नव्हते. ते जुलै २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या पार्क सिटी इथे झालेल्या ‘स्ट्रॉ’ या, प्रजननक्षमतेच्या उताराचे टप्पे ठरवण्याच्या कार्यशाळेत ठरले. शेवटची पाळी म्हणजे शून्य, तिच्याआधीचे पाच टप्पे उणे, नंतरचे दोन अधिक. मात्र ही मांडणी धूम्रपान करणाऱ्या, फार कृश किंवा लठ्ठ, गर्भाशय काढलेल्या अशा बऱ्याच स्त्रियांना बाजूला ठेवून केलेली होती. मग ट्रेलोरच्या नोंदींसह चार दीर्घकालीन अभ्यास एकत्र पडताळले गेले आणि सप्टेंबर २०११ च्या बैठकीनंतर २०१२ मध्ये सुधारित ‘स्ट्रॉ अधिक १०’, म्हणजे दहा वर्षांनंतरचे ‘स्ट्रॉ’, आले. त्यात दहा टप्पे आहेत. सलग दोन पाळ्यांच्या अंतरात सात किंवा अधिक दिवसांचा फरक पडू लागला आणि दहा पाळ्यांच्या आत पुन्हा तसे झाले, की संक्रमणाचा पहिला भाग. साठ किंवा अधिक दिवस पाळी आली नाही, की दुसरा. तो साधारण एक ते तीन वर्षे चालतो. वाफा याच काळात आणि शेवटच्या पाळीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक. एफएसएच आणि उरलेल्या बीजांचा अंदाज देणारी एएमएच या चाचण्या केवळ पूरक म्हणून ठेवल्या आहेत. मुख्य निकष पाळीच्या तारखांचाच राहिला. ‘स्वान’ या त्या चारांतल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात पाच वंशगटांच्या स्त्रिया होत्या, पण भारतीय गट त्यांत नव्हता, हे इथे वापरताना लक्षात ठेवलेले बरे.

तारखांच्या बाबतीत गोव्यातली हिंदू बाई एरवी मिनेसोटाच्या विद्यार्थिनीपेक्षा मागे नाही. जुन्या घरांत बाई बाहेर बसली की सगळ्या घराला दिवस माहीत असे. त्या रूढीसाठी हळहळायचे कारण नाही. पण ती सैल झाल्यावरही देवकार्याच्या धास्तीने भिंतीवरच्या कालनिर्णयात ठिपके पडत राहिले. अडचण वेगळीकडेच आहे. चवथ आली, जत्रा आली, घरात लग्न निघाले, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. ते बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते आणि गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. मग कालनिर्णयातला तो ठिपका गोळीचा असतो, बीजकोशाचा नाही. दहा दिवस गोळ्या घेतल्या तर सात दिवसांचा फरक आपोआपच पडतो, आणि संक्रमण सुरू झाले असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून तारखा विचारताना गोळ्यांचे महिने वेगळे काढायला हवेत. बाई ते आपणहून सांगेलच असे नाही, कारण गोळी परस्पर फार्मसीतून आणलेली असते.

सरकारी आकडेवारीचा हिशेब आणखी निराळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ४९ वर्षांपर्यंतच्याच स्त्रियांना विचारते आणि सहा महिने पाळी न आलेल्या, गरोदर वा बाळंतीण नसलेल्या स्त्रीला रजोनिवृत्त धरते. ‘स्ट्रॉ’च्या निकषाने त्यांतल्या काहीजणी अजून संक्रमणातच असतात.

ही तारीख पुढेही उपयोगी पडते. वर्षभर पाळी बंद राहून नंतर थोडा जरी रक्तस्राव झाला, तर ‘पाळी परत आली’ म्हणून सोडून न देता सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करावी लागते. २००२ मध्ये अमेरिकेतली, रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांची मोठी चाचणी धोक्यांमुळे मध्येच थांबवली गेली. नंतरच्या विश्लेषणांतून, उपचार साठीच्या आत किंवा शेवटच्या पाळीपासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर फायदा-तोट्याचे गणित सहसा बरे असते, असे मत रुजले. पण जिची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली आणि बीजकोश ठेवले, तिची ही दहा वर्षे कुठून मोजायची? तिच्यापाशी तारखाच नाहीत. ‘स्ट्रॉ’चा मुख्य निकष तिला लागू पडत नाही, तिच्यासाठी वय, लक्षणे आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा केलेली एफएसएचची चाचणी, एवढेच हाताशी उरते.