पाळीत ‘घाण रक्त’ जात नाही

‘पाळी कमी गेली, घाण रक्त अंगात साचलं, म्हणून तोंडावर फोड आले,’ हे पुण्यात कसब्यातल्या वाड्यात ऐकू येतं तसंच हिंजवडीतल्या सोसायटीतही. साफ चूक. रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेत. गर्भाशयाचं ते कामच नव्हे. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं, गर्भाशयाच्या अस्तरातल्या पिळदार धमन्या आकसतात आणि रक्तपुरवठा तुटलेलं अस्तर सुटून येतं. सोबतचं रक्त अंगभर फिरतं तेच. काळपट दिसतं ते सावकाश बाहेर पडल्यामुळे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. कमी गेलं म्हणजे बहुधा अस्तरच पातळ होतं. आत साचत काही नाही. ‘मोकळं व्हावं’ म्हणून मुलींना काढे पाजणं कृपा करून थांबवा. तासाला पॅड भिजत असेल किंवा तीन महिने पाळीच आली नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.